फेणीला वास, व्हिस्कीला नोज

सात दिवसांचे गणपती पोचले, घराघरांतून पुन्हा बांगडे तळल्याचा वास यायला लागला आणि नितीनने सावंतवाडीच्या मोती तलावाच्या कट्ट्यावर बूड टेकता टेकता जाहीर केलं की आपल्या गावात माणसं दारू पितात, पण ती प्यायची कशी हे एकालाही ठाऊक नाही.

मागच्या चतुर्थीला त्याने हेच कॉफीबद्दल सांगितलं होतं, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. सुभेदाराने शेंगदाण्याची पुडी पुढे केली. मास्तरांनी चष्मा पुसला. बाबल पाण्याकडे तोंड करून बसला होता, तो तसाच बसून राहिला.

नितीन बाणेरला असतो. सिंगल माल्ट व्हिस्कीसाठी त्याने काचेचं कपाट करून घेतलंय, त्यात आतून दिवे लागतात. यंदा कपड्यांत गुंडाळून तो खास ट्यूलिपच्या आकाराचा ग्लासही आणला होता आणि आम्हाला उजेडात धरून दाखवत होता. (रिकामा. कट्ट्यावर फक्त बोलणं होतं. समोरून पोलीस जातात आणि मागून सगळ्यांचे नातेवाईक.)

"नीट घ्यायची. रूम टेंपरेचरला. फार तर ड्रॉपरने चार थेंब पाणी. सोडा म्हणजे खून, आणि बर्फ म्हणजे तर..." त्याला शब्द सापडेना.

"रूम टेंपरेचर म्हणजे कुठल्या रूमचं?" मास्तरांनी विचारलं. "स्कॉटलंडातल्या घरात पंधरा-सोळा अंश असेल. मे महिन्यात आमच्या माडीवर पस्तीस. त्या उकाड्यात ग्लासात नाक घातलंस तर आधी स्पिरिटच नाकात जाईल. मग एखाद्याने बर्फाचा खडा टाकला तर तो अडाणी कसा?"

मास्तरांनी उभ्या जन्मात थेंब घेतलेला नाही. रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले, आम्हा सगळ्यांना त्यांनीच शिकवलंय आणि कोण कितीला पास झाला हेही त्यांच्या ध्यानात आहे.

"आणि चार थेंब कशाला? २०१७ साली स्वीडनमधल्या दोघा संशोधकांनी हे संगणकावर मांडून पाहिलंय. तुझ्या धुरकट व्हिस्कीला जो वास येतो ना, तो ग्वायाकोल नावाच्या रेणूचा. अल्कोहोल फार असेल तर तो रेणू अल्कोहोलच्या गराड्यात अडकतो. पाणी घातलं की पृष्ठभागाशी येतो, म्हणजे नाकाशी येतो. कंपन्यांचे ब्लेंडर, म्हणजे व्हिस्की मिसळणारे जाणकार, तर वीस टक्क्यांपर्यंत पातळ करून हुंगतात. वीस टक्के म्हणजे जवळजवळ अर्धं पाणी, नितीन. बारावीला तुला हे गणित येत नव्हतंच."

सुभेदार एकदम ताठ झाला. "म्हणजे आम्ही बरोबर! रम आणि गरम पाणी, निम्मं निम्मं. लेहला असताना..."

लेह निघालं की अर्धा तास जातो, म्हणून मी घाईघाईने मास्तरांना विचारलं की आपल्याकडे प्रत्येक बाटलीवर ४२.८ टक्केच का असतात. पूर्ण त्रेचाळीस तरी करायचे.

"जुना ब्रिटिश हिशोब. शंभर प्रूफ म्हणजे ५७.१ टक्के. त्याचे पाऊण करा, ४२.८ येतात. पंचवीस अंश कमी, म्हणून लेबलवर २५ यू.पी. लिहायचे. अंडर प्रूफ."

सुभेदाराचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. "यू.पी. म्हणजे उत्तर प्रदेश नव्हे? ओल्ड मंक गाझियाबादची ना? मी तीस वर्षं जवानांना सांगत आलो की हा यू.पी.चा पंचवीस नंबरचा कारखाना आहे म्हणून!"

बाबलच्या खांद्यांची हालचाल मागूनही दिसली. हसत होता, पण अजून वळला नव्हता.

ओल्ड मंकबद्दल सुभेदाराजवळ वाईट बोलायचं नाही, हा नियम आहे. १९५४ सालची रम, कधी जाहिरात केली नाही, तरी फौजेत आणि हॉस्टेलात सगळीकडे पोचली. तिचे मालक ब्रिगेडियर कपिल मोहन २०१८ च्या जानेवारीत गेले तेव्हा सुभेदाराने तोंडात घास घेतला नव्हता. (पेला घेतला होता. त्याच्या मते तीच श्रद्धांजली.) नितीनला हा नियम ठाऊक असून तो म्हणाला, "रम कसली रे, मळीचं पाणी. व्हॅनिलाचा वास आणि डोकेदुखी."

"मळी काढू नकोस," मास्तर म्हणाले. "तुमच्या ऑफिसच्या पार्टीत जी देशी बनावटीची व्हिस्की वाहते, तिच्यातला बराचसा भाग मळीच्याच स्पिरिटचा. वर थोडं माल्ट. युरोपात तिला व्हिस्की म्हणून विकूही देत नाहीत. ती आणि सुभेदाराची रम या सख्ख्या बहिणी. एक इंग्रजी शाळेत गेली एवढंच."

"आणि आता तिची पण क्वार्टर दोनशे पाचच्या खाली मिळत नाही," सुभेदार पुटपुटला. २०२५ च्या जूनमध्ये दर वाढले तेव्हापासून तो हे रोज एकदा म्हणतो. कँटीनचा कोटा असूनही म्हणतो.

"स्कॉच स्वस्त होतेय ना पण!" नितीनला धीर आला. "ब्रिटनशी करार झालाय. ड्युटी दीडशे टक्क्यांवरून पंचाहत्तर, मग दहा वर्षांत चाळीस."

"दहा वर्षांनी माझं लिव्हर चाळीस टक्के राहिलं म्हणजे झालं," सुभेदार म्हणाला.

इथे बाबल वळला. मी बाबलच्या बाजूचा आहे हे आधीच सांगून टाकतो. दोडामार्गाकडे त्याची काजूची बाग आहे आणि मोसमात ओले काजूगर आमच्याकडे न मागता येतात. तेव्हा माझ्याकडून न्यायाची अपेक्षा ठेवू नये.

"नितीन, तुझ्या त्या कपाटात सगळ्यात म्हाग बाटली खयची?"

नितीन खुलला. स्कॉटलंडमधल्या आयला बेटावरची. तिथे जाऊन आलाय तो. मग पीट नावाच्या जळाऊ मातीचा धूर, समुद्र, शेवाळ, आयोडिन, शेवटी टिंक्चर आणि बँडेजची छटा, असा तिचा सगळा नोज, म्हणजे सुगंध, त्याने डोळे मिटून सांगितला.

"म्हणजे ड्रेसिंगच्या खोलीचो वास. तेका तू आठ-धा हजार दितंस. आणि गेल्या मे म्हयन्यात माझ्या पडवेत फेणी काढलंय तेवा तू काय म्हटलंस?"

"अरे, तिला वास येतो रे..."

"बघा! तुझ्या बाटलीक वास इलो की तो नोज, माझ्या फेणीक इलो की तो वास."

सुभेदाराच्या हातातले शेंगदाणे तलावाच्या दिशेने उडाले. नितीन म्हणाला की तसं नाही, फेणीत कॉम्प्लेक्सिटी नसते. ही त्याची चूक झाली, कारण काजूवर बाबल सुरू झाला की त्याला थांबवणारा अजून जन्माला आलेला नाही. बोंडू, म्हणजे काजूचं फळ, झाडावरून तोडायचा नाही, पिकून पडला की वेचायचा. बी वेगळी करायची. पायांनी तुडवायचा. चोथ्यातून थेंबथेंब गळतो तो नीरो, तो थंड प्यायचा, त्याच्यासारखी दुसरी चव नाही. उरलेला रस तीन दिवस आपोआप फसफसतो, त्यात ना साखर घालायची ना यीस्ट. पूर्वी मातीच्या कोडीत ठेवायचे. "आता निळे ड्रम इलेत, खोटां कित्याक बोलू." मग भट्टीवर भाण, म्हणजे मोठं भांडं. पहिल्या उकळीची ती उर्राक, हलकी, पंधरा टक्क्यांच्या आसपास. ती पुन्हा भाणात घालून दुसऱ्यांदा काढली की फेणी.

"उर्राक कशी घ्यायची सांग ह्याका," सुभेदार म्हणाला. त्याला नितीनचा चेहरा बघायचा होता.

"लिम्का, मिठाची चिमूट, आणि हिरवी मिरची उभी चिरून."

"मिरची?" नितीनने ट्यूलिपचा ग्लास छातीशी धरला.

"नि ती पण फक्त मार्च ते मे. पुढे टिकणा नाय. कपाटात दिवो लावून ठेवलंस तरी टिकाची नाय. तेच्यासाठी गावाक येवचा लागता."

नितीनने बाजू बदलली. बरं, म्हणाला, गोव्यातच तयार झालेला पॉल जॉन सिंगल माल्ट घे. लंडनमध्ये लाँच झाला. त्याच्या आधी बंगळुरूचा अमृत २००४ मध्ये थेट ग्लासगोत जाऊन उतरला होता, आणि २०१० सालच्या व्हिस्की बायबल नावाच्या पुस्तकात त्याच्या फ्यूजनला जगात तिसरा नंबर मिळाला. तिकडे पिंपातून वर्षाला दोन टक्के उडते, आपल्याकडे दहा-बारा, म्हणून आपली लवकर मुरते. हे त्याने चांगलं सांगितलं, नाही असं नाही.

"पॉल जॉनातली बार्ली खयची?"

"उत्तर भारतातली."

"पिंपां?"

"अमेरिकन ओक."

"मगे गोव्याचो तेच्यात काय? उकाडो!"

आता मास्तरांनाही हसू आवरेना. हसता हसता त्यांनीच मग आमच्या सगळ्यांच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं. पलीकडे गोव्यात फेणीला २००९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक ओळखीचा शिक्का, मिळाला, २०१६ मध्ये तिथल्या सरकारने तिला वारशाचं पेय ठरवलं. आणि इकडे आपल्याकडे? बी काढून घेतली की बोंडू झाडाखाली कुजतो, नाहीतर टेम्पोत भरून गोव्याला जातो आणि तिथून गोव्याची म्हणून बाटलीत भरली जाते. एप्रिल २०२२ मध्ये आपल्या मंत्रिमंडळाने निर्णय घेतला खरा: काजूबोंडं आणि मोहाच्या फुलांपासूनची दारू आता देशी नाही, विदेशी मद्य.

"विदेशी?" नितीन.

"विदेशी. देशी वर्गात विक्रीवर मर्यादा, म्हणून."

"म्हणजे माझो आजो दोडामार्गात रवान विदेशी दारू गाळी होतो," बाबल म्हणाला. "तेका बिचाऱ्याक पासपोर्ट पण नाय होतो. आणि आता धान्याच्या दारूक नवीन खातां काढल्यानी, महाराष्ट्र मेड. बोंडू काय बिहारात मेड?"

यावर खरं तर गंभीर बोलायला हवं होतं. भट्टीचे परवाने, गावठी म्हणून पडणाऱ्या धाडी, बाया दिवसभर वाकून बोंडू वेचतात आणि त्यांना त्याचे किती मिळतात, हे सगळं बाबलच्या तोंडावर आलं होतं. पण नितीन म्हणाला, "आमच्या घरी फेणी कधीच नव्हती," आणि गाडी रुळावरून घसरली.

"नाय होती? मेल्या, तुका सर्दी झाली की तुझी आजी फेणीन छाती चोळी. शाळेत तुझ्या बाकार बसणारो कोण होतो? मी! अर्धी चव माका थयच कळली."

आणि मग अर्थातच पिशवीचा विषय निघाला. तो निघतोच. कॉलेज संपल्यावर सगळे पणजीहून बसने येत होतो. नितीनच्या सीटखाली पिशवी, पिशवीत बाबलच्या पैशाने घेतलेली फेणी. नाक्यावर तपासणीला साहेब चढले. "ही पिशवी कुणाची?" नितीनने पिशवीकडे असं पाहिलं की तिने त्याला रस्त्यात पत्ता विचारला असावा. पिशवी गेली. सुभेदार तेव्हा सुट्टीवर आला होता, तो म्हणतो त्याने डोळे मिटून घेतले होते. बाबल म्हणतो, घोरत होता.

"आजून ऱ्हवली असती तर एज्ड झाली असती. त्या हिशोबान पैसे दी."

"परवाना होता का तुमच्याकडे?" मास्तर शांतपणे म्हणाले. "वाहतुकीचं सोडा. पिण्याचा तरी? या राज्यात पंचवीस वर्षांवरच्या माणसालाही परमिट लागतं. एक दिवसाचं पाच रुपये, जन्मभराचं हजार. आरोग्य राखण्यासाठी म्हणून देतात. कुणाकडे आहे?"

नितीन ग्लासाकडे बघू लागला. सुभेदार म्हणाला की त्याच्याकडे कँटीनचं कार्ड आहे. बाबल म्हणाला की त्याच्याकडे बाग आहे.

मास्तरांनी पाकीट काढलं. एसटीच्या ज्येष्ठ नागरिक कार्डामागून एक घडी घातलेला, प्लॅस्टिकमध्ये घातलेला कागद निघाला. आजीव परमिट. मेव्हणा नेव्हीत, सुट्टीला आला की घरी बाटल्या ठेवून जातो. उगीच बेकायदा नको म्हणून काढून ठेवलं.

आख्ख्या कट्ट्यावर कायदेशीर पिणारा एकच, आणि तो पीत नाही. सुभेदाराला ठसका लागला, तो थांबेना. नितीन प्रथमच मनापासून हसत होता आणि हसताना ग्लास पडायला आला तो मीच झेलला.

बाबलने डोळे पुसले. "मास्तरानु, पण मेव्हण्यान ठेवलेल्यो बाटल्यो खय आसत?"

"घरी आहेत," मास्तरांनी पाकीट खिशात घालत सांगितलं. "परमिट माझ्या नावावर आहे." आणि छत्री उचलून चालू लागले.