डेपोतही कुजतंच की!

'ओला कचरा वेगळा करायचं थोतांड कशाला? डेपोत टाकला तरी कुजून त्याची मातीच होते. घरी खताचा ढीग लावला की वास सुटतो, आणि बायोगॅस काढला तर सत्त्व उडून नुसता चोथा उरतो.' हा मजकूर मला या महिन्यात चौथ्यांदा आला. पाठवणारी माणसं शहाणी आहेत, म्हणून उत्तर द्यावंसं वाटलं.

डेपोत थरावर थर दाबले जातात आणि आत हवा पोचत नाही. तिथे जे कुजतं ते हवेविना, आणि त्यातून मिथेन निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापदायक. शिवाय सगळं कुजतंही नाही. ॲरिझोना विद्यापीठाच्या विल्यम राथजे यांच्या चमूने अमेरिकेतले जुने डेपो खणले, तेव्हा काही दशकांपूर्वीची वर्तमानपत्रं चक्क वाचता आली! जी काही माती होते तिच्यात काचा आणि बॅटऱ्या मिसळलेल्या. ती पिकाला कोण घालणार?

वासाचं मात्र खरं आहे. माझ्याही पहिल्या ढिगाला सुटला होता. वरून कोरडा ठणठणीत, फावडं घातलं तर आत काळा चिकट गोळा आणि सडक्या अंड्याची घाण. हायड्रोजन सल्फाइड तो. म्हणजे ढिगाच्या पोटात डेपोच तयार झाला होता. नाकात झोंबणारा अमोनिया आला तर दुखणं वेगळं: नायट्रोजन जास्त, कार्बन कमी. कार्बन नायट्रोजनच्या २५ ते ३० पट असावा, म्हणून वाळका पाला किंवा लाकडाचा भुसा मिसळायचा. ओल तपासायला मूठभर माल घट्ट पिळा. बोटांतून एखाद-दुसरा थेंब आला तर ठीक, धार लागली तर पाणी जास्त. लोक अशा वेळी विकतच्या कल्चरची, म्हणजे कुजवणाऱ्या जिवाणूंची, पुडी भुरभुरतात. खरी गरज असते ती ढीग उलथण्याची. मी उलथला, पाला घातला, आणि तिसऱ्या दिवशी तो इतका तापला की आत हात ठेववेना. मोठा ढीग ५५ अंशांवर काही दिवस टिकला की बहुतेक रोगजंतू आणि तणाचं बी मरतं.

आता चोथा. बायोगॅसमध्ये ५० ते ७० टक्के मिथेन, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड. म्हणजे गेला तो मुख्यतः कार्बन. नायट्रोजन, स्फुरद, पालाश स्लरीतच, म्हणजे गॅस काढून उरलेल्या पातळ लगद्यातच राहतात. उलट बराचसा नायट्रोजन अमोनियमच्या रूपात येतो, जो झाडाला लगेच उचलता येतो. लाकूड तेवढं हवेविना पचत नाही, त्याला कडकपणा देणाऱ्या लिग्निनमुळे. फांद्या ढिगातच टाकाव्यात.

सत्त्व उडतं ते गॅस काढताना नाही, नंतर. स्लरी उन्हात उघड्यावर पसरून ठेवली की अमोनिया हवेत जातो. ती त्याच दिवशी मातीत कालवायची.