दहा हजारांखालचे बास्केटबॉल शूज घोटा मोडतात, हे खरं नाही

गेल्या दोन-तीन महिन्यांत आमच्या भागातल्या पालकांच्या जवळजवळ प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज येऊन गेला. त्यात पाच गोष्टी ठासून सांगितल्या आहेत. दहा हजारांखालचे बास्केटबॉल शूज घोटा मोडतात. घोटा झाकणारे उंच शूजच घ्यावेत. टाचेत हवेची पिशवी हवीच. तेवढे पैसे नसतील तर रनिंगचे शूज घाला, पण स्वस्त बास्केटबॉल शूज नकोत. आणि मुलं वाढतात, तेव्हा एक नंबर मोठाच घ्या.

मी गोव्यातल्या फोंड्यात संध्याकाळी मुलांना बास्केटबॉल शिकवतो, स्वतः बावीस वर्षं खेळलो आहे. हा मेसेज फिरला आणि आठवीतली एक मुलगी यायची बंद झाली. घरी फोन केला तर तिचे बाबा म्हणाले, ‘सर, दहा हजार आत्ता जमणार नाहीत. आणि स्वस्तातले घेऊन पोरीचा पाय मोडला तर?’ त्यांची काळजी खरी होती, पण ती ज्या माहितीवर उभी होती ती चुकीची होती. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा किमतीचा. शूजच्या किमतीत रबर, फोम आणि शिलाई असते, तशीच जाहिरात असते आणि ज्या खेळाडूच्या नावाने तो जोड विकतात त्याचं मानधनही असतं. 2006 साली एनबीए या अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या स्टेफन मारबरीने आपल्या नावाचे शूज तिकडे पंधरा डॉलरच्या आत विकायला आणले. इतर नामांकित खेळाडूंचे जोड तेव्हा शंभर डॉलरच्या पुढे होते. मारबरी स्वतः तेच शूज घालून न्यूयॉर्क निक्स या संघाकडून सामने खेळला. आपल्याकडे डेकॅथलॉनचा टार्मॅक आहे, जालंधरची निविया आहे, मोठ्या ब्रँडचे सुरुवातीच्या किमतीचे जोडही असतात. माझ्याकडच्या बहुतेक मुलांचे शूज अडीच ते साडेचार हजारांमधले आहेत आणि मुलं त्यात आठवड्याचे पाच दिवस खेळतात.

पण या मेसेजची खरी चूक वेगळीच आहे. शूज कुठल्या मैदानावर वापरायचे, हे त्यात कुठेच विचारलेलं नाही. ताळगाव किंवा नावेलीच्या बंदिस्त स्टेडियममध्ये आपली मुलं वर्षातून किती वेळा खेळतात? रोजचा सराव शाळेच्या मागच्या नाहीतर पंचायतीच्या सिमेंटच्या कोर्टावर होतो. महागड्या शूजपैकी पुष्कळांचा तळ लाकडी मैदानासाठी मऊ रबराचा केलेला असतो. लाकडावर तो छान चिकटतो, सिमेंटवर मात्र खोडरबरासारखा झिजतो. आमच्याकडच्या एका मुलाचा चौदा हजारांचा जोड दिवाळीत आला. महाशिवरात्रीपर्यंत अंगठ्याखालची नक्षी पार गुळगुळीत झाली होती. अंगठ्यावर गिरकी घेऊन दिशा बदलायची त्याला सवय आहे, त्यामुळे तिथेच सगळं घासलं गेलं. एके संध्याकाळी तो मला म्हणाला, ‘सर, पांय निसरता.’ शूज उलटा करून बघितला. नक्षीच्या जागी काचेसारखी चकाकी आणि तिच्यावर जांभ्याची तांबडी धूळ बसलेली.

सिमेंटवर खेळायचं तर तळ कडक, जाड आणि भरीव रबराचा हवा. नक्षी माशाच्या काट्यासारखी, खोल आणि दूर-दूर असलेली बरी, म्हणजे तिच्यात धूळ अडकून बसत नाही. पारदर्शक तळ दिसतात सुंदर, पण माझ्या अनुभवात धुळीच्या कोर्टावर त्यांची पकड सगळ्यांत आधी जाते. असा कडक तळ स्वस्त जोडांतच जास्त सापडतो. म्हणजे आपल्या कोर्टांसाठी कमी किमतीचा शूज कित्येकदा अधिक योग्य असतो.

दुसरा मुद्दा उंच शूजचा. घोटा झाकला म्हणजे तो मुरगळणार नाही, ही समजूत फार जुनी आहे आणि वरवर पटतेही. 1993 साली अमेरिकेत कॉलेजच्या 622 बास्केटबॉल खेळाडूंवर याचा अभ्यास झाला. काहींना उंच शूज दिले, काहींना ठेंगणे. घोटा मुरगळण्याच्या प्रमाणात लक्षात घेण्यासारखा फरक आढळला नाही. 2008च्या अखेरीस एनबीएतला बडा खेळाडू कोबी ब्रायंट याने फुटबॉलपटूंकडे बघून स्वतःसाठी ठेंगणे शूज करून घेतले, आणि त्यानंतर एनबीएत ठेंगणे शूज सर्रास दिसू लागले. उंच शूज वाईट नाहीत. ज्याला त्यात बरं वाटतं त्याने खुशाल घालावेत, पण त्यासाठी दोन हजार जास्त मोजू नयेत. ज्याचा घोटा आधी मुरगळला आहे त्याने तेच पैसे लेसवाल्या घोट्याच्या पट्ट्यावर खर्च करावेत. 2011 साली अमेरिकेतल्या शाळकरी खेळाडूंच्या मोठ्या अभ्यासात अशा पट्ट्यामुळे घोट्याच्या दुखापती बऱ्याच कमी झाल्याचं दिसलं. शिवाय रोज एका पायावर उभं राहून तोल सावरण्याचा सराव करा, त्याला तर काहीच खर्च नाही.

टाचेतल्या हवेच्या पिशवीबद्दल ऑस्ट्रेलियातला 2001चा अभ्यास अगदी उलट सांगतो. टाचेत हवेचे कप्पे असलेले शूज घालणाऱ्यांना घोट्याची दुखापत होण्याची शक्यता चौपटीहून जास्त आढळली. एका अभ्यासावरून असे सगळे शूज टाकून द्या असं मी म्हणणार नाही. पण ‘हवेची पिशवी हवीच’ म्हणायला आधार नाही, एवढं त्यावरून नक्की कळतं. त्याच अभ्यासात सगळ्यांत मोठा धोका आढळला तो जुन्या दुखापतीचा. आधी घोटा दुखावलेल्यांना पुन्हा दुखापत होण्याची शक्यता जवळजवळ पाचपट होती. तेव्हा मुरगळलेला पाय पूर्ण बरा होऊ द्या, ‘परवा मॅच आहे’ म्हणून त्याला घाईने उतरवू नका.

चौथ्या मुद्द्याचा मला सगळ्यांत जास्त राग आहे, कारण तो ऐकून मुलांना खरोखर इजा होईल. रनिंगचा शूज सरळ पुढे पळण्यासाठी बनवतात. त्याचा फोम उंच आणि मऊ असतो, बाजूंना आधार कमी असतो. बास्केटबॉलमध्ये मुलगा बचाव करताना आडवा सरकतो, एकदम थांबतो, उलट्या दिशेला वळतो. तेव्हा पाय त्या उंच फोमच्या कडेवरून बाहेर कलंडतो. गेल्या पावसाळ्याआधी हे मी पाच हातांवरून पाहिलं आहे. नवेकोरे रनिंग शूज, उजवीकडे सरकताना शूज जागेवर राहिला आणि पाय त्याच्यावरून पुढे गेला. मुलगा तीन आठवडे घरी होता. दोन हजारांचा साधा बास्केटबॉल शूज रुंद, जमिनीलगतच्या तळाचा असतो. आडवं सरकायला तोच बरा.

एक नंबर मोठा घेणं हेही तसंच. आत पाय सरकतो, नखं काळी पडतात, फोड येतात, आणि वळताना शूज एकीकडे, पाय दुसरीकडे. अंगठ्यापुढे बोटभर जागा पुरे. संध्याकाळी मापा, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. खेळायचे जाड मोजे घालून मापा, आणि दोन्ही पाय मापा.

दुकानात मी काय बघतो तेही सांगतो. टाचेची मागची बाजू अंगठ्याने दाबतो, ती सहज चेपली जाऊ नये. पुढचं टोक आणि टाच धरून शूज वाकवतो. तो बोटांच्या मुळाशी वाकावा, मधोमध वाकला तर परत ठेवतो. मग ओला टॉवेल पिळतात तसा पिळून बघतो. फडक्यासारखा पिळला गेला तर नको. शेवटी तळावर नख रोवतो. प्लास्टिकसारखा कडकडीत, चकचकीत लागला तर तो रबर नव्हे. रस्त्यावर मिळणाऱ्या नकली ब्रँडच्या जोडांत हे हमखास सापडतं. त्यांच्यापासून लांब राहा. ‘स्वस्त शूज नकोत’ हे त्या मेसेजचं म्हणणं मला एवढ्यापुरतं पूर्ण मान्य आहे.

आणि खोक्यावरचा उत्पादनाचा महिना नि वर्ष वाचा. हे मी नुकसान सोसून शिकलो. एका दुकानातून निम्म्या किमतीत मोठ्या ब्रँडचा जोड घेतला, तिसऱ्या दिवशी टाचेचा फोम भुसभुशीत होऊन गळू लागला. पॉलियुरेथेनचा फोम दमट हवेत हळूहळू सडतो, न वापरता खोक्यात ठेवला तरी. गोव्याच्या हवेत चार-पाच वर्षं पडून राहिलेला ‘सेल’मधला जोड म्हणूनच घ्यायचा नाही, नाव कितीही मोठं असो. पावसाळ्यात भिजले तर आतली गादी काढा, वर्तमानपत्राचे बोळे भरा, पंख्याखाली वाळवा. कडक उन्हात किंवा चुलीजवळ ठेवले तर गोंद सुटतो.

दिसण्याबद्दल मेसेजमध्ये काही नाही, पण मुलांच्या मनात ते असतंच आणि असायलाच हवं. छान दिसणारे शूज घालून मूल दहा मिनिटं आधी कोर्टावर येतं, हे मी रोज बघतो. पांढरा जोड आपल्या तांबड्या मातीत महिनाभरात भगवा होतो, म्हणून काळा, गर्द निळा किंवा चक्क मातकट लाल घ्यावा. संघाच्या रंगाच्या लेस साठ-सत्तर रुपयांत मिळतात. तेवढ्याने साधा काळा जोड देखणा होतो.

त्या मुलीच्या बाबांना हे सगळं मी त्यांच्या ओसरीवर बसून सांगितलं. दुसऱ्या शुक्रवारी आम्ही तिघं दुकानात गेलो. तिने एकेक शूज उलटा करून स्वतः नख रोवून बघितलं आणि तीन हजार दोनशेचा काळा, ठेंगणा जोड निवडला. लेस पिवळ्या. सोमवारी ती सगळ्यांच्या आधी आली, ओल्या फडक्याने दोन्ही तळ पुसले आणि विचारलं, ‘सर, बॉल कुठे आहे?’