९७८

आज दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय. लांबलंय, पण वाचा.

भाची आली होती. एफ.वाय.बी.एस्सी.ला आहे, उद्या फिजिक्सचं जर्नल सर्टिफाय करून घ्यायचंय. जेवण झाल्यावर डायनिंग टेबलावर पसारा मांडून बसली. मी चहा घेऊन गेले तर मोबाईलमध्ये कुण्या सीनियरच्या जर्नलची पीडीएफ उघडी आणि ही तक्ता भरतेय. बार पेंडुलमचा, म्हणजे पट्टी लंबकासारखी झुलवून g, पृथ्वीची ओढ, मोजायच्या प्रयोगाचा. म्हटलं, तुझी रीडिंग कुठायत? तर म्हणाली, "मावशी, माझं ९६९ आलंय, ते नाही चालत. ९८१ च्या जवळ यावं लागतं. सगळेच असं बसवतात."

सगळेच बसवतात. मीही बसवलं होतं, आणि एकतीस वर्षं ते मला टोचतंय.

१९९४. पुण्यातलंच कॉलेज. तीच भोकाभोकांची जड धातूची पट्टी, तीच सुरीच्या धारेसारखी कड, तिच्यावर पट्टी टांगायची, हलकासा झोका द्यायचा आणि वीस आंदोलनं मोजायची. एक, दोन, तीन... मध्येच कुणी "ए, स्केल दे" म्हणालं की मोजणं चुकायचं, परत पहिल्यापासून. मी दोन तास ते केलं. प्रत्येक भोकाला तीन तीनदा. मग आलेखावर ते दोन वक्र काढले, आडवी रेघ मारली, त्यावरून लंबकाची लांबी आली ६३.४ सेंटिमीटर, वीस आंदोलनांना ३२ सेकंद, म्हणजे एकाला १.६. गणित केलं. उत्तर ९७८. मला इतका आनंद झाला होता! पृथ्वी आपल्याला किती जोराने ओढते, ते मी एका पट्टीने मोजलं होतं.

सरांनी लाल पेनने 'रिपीट' लिहिलं. म्हणाले, ९८१ यायला हवं, पुस्तकात काय दिलंय? सबमिशनला एक दिवस होता. मी होस्टेलवर गेले, रबराने रेघ खोडली, दोन मिलिमीटर सरकवली. ६३.४ चे ६३.६ झाले. ९८१ आलं. दुसऱ्या दिवशी सही मिळाली.

आता ऐका. पुण्यात g ची किंमत ९७८ च्याच आसपास आहे! ९८१ हा आपल्याकडचा आकडा नाही. विषुववृत्तावर ती ९७८ आणि ध्रुवांवर ९८३ असते. पुणे साडेअठरा अक्षांशावर, म्हणजे विषुववृत्ताकडेच, त्यात साडेपाचशे मीटर उंचीवर, म्हणजे ओढ आणखी जराशी कमी. मी बरोबर उत्तर खोडून चुकीचं लिहिलं होतं आणि त्यावर मला सही मिळाली. हे मला कळलं पुढे कितीतरी वर्षांनी, आणि त्या रात्री मला अक्षरशः रडू आलं.

हो, माहितीये, त्या स्टॉपवॉचवर ९७८ आणि ९८१ मधला फरक कळत नाही, बटण दाबायला जरा उशीर झाला तरी पाच-सहाचा घोळ होतो. मान्य. मग तर खोडायचं काही कारणच नव्हतं ना! "इतकी चूक संभवते" एवढं लिहायला शिकवलं असतं तर तोच पहिल्या वर्षाचा सगळ्यात मोठा धडा झाला असता.

१६७२ साली झाँ रिशे नावाचा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेत विषुववृत्ताजवळच्या केयेनला होता. पॅरिसला बरोबर लावलेलं लंबकाचं घड्याळ तिथे रोज अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. त्याने ते 'बसवलं' नाही, जसं दिसलं तसं लिहून ठेवलं. पुढे न्यूटनने तीच नोंद घेऊन सांगितलं की तिथे ओढ कमी पडते, पृथ्वी विषुववृत्तावर फुगलेली आहे. रिशेच्या जर्नलवर कुणी 'रिपीट' लिहिलं असतं तर?

आणि न्यूटनच्या १६८७ च्या त्या ग्रंथाच्या नावातच 'नैसर्गिक तत्त्वज्ञान' आहे. तेव्हा फिजिक्स आणि तत्त्वज्ञान ही दोन शास्त्रं वेगळी नव्हतीच. आपण ती दोन इमारतींत कोंबली.

माझी रूममेट एफ.वाय.बी.ए.ला होती, तत्त्वज्ञान घेतलेलं. मी रेघ खोडत होते तेव्हा ती पलंगावर बसून न्यायदर्शनातली प्रमाणं, म्हणजे खरं ज्ञान मिळवायचे मार्ग, पाठ करत होती. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द, म्हणजे जाणकाराने सांगितलेलं. तिने विचारलं, काय करतेस? मी सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तुमच्या लॅबमध्ये प्रत्यक्षापेक्षा शब्द मोठा?" मी हसण्यावारी नेलं. फिजिक्सच्या पहिल्या वर्षात मला कुणीही न विचारलेला प्रश्न तिने त्या रात्री विचारला होता: कशावरून?

पण तिच्याकडेही फार वेगळं नव्हतं हो. जो फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त एकदा सगळ्यावरच शंका घेऊन बसला, त्याच्यावर पाच मार्कांची टीप, गाईडमधून पाठ. चार्वाक फक्त प्रत्यक्ष मानतो, हे तिने पाठ केलं. का मानतो, त्यावर वर्गात कुणी भांडलं नाही. म्हणजे एका इमारतीत मोजायचं पण विचारायचं नाही, दुसऱ्या इमारतीत प्रश्नसुद्धा घोकायचे.

आता नव्या शैक्षणिक धोरणात दुसऱ्या शाखेचा विषय घेता येतो, ही चांगलीच गोष्ट आहे. भाचीला तर्कशास्त्र घ्यायचं होतं. तिच्या कॉलेजात तो विषयच नाही, शिकवायला कुणी नाही. आणि घरात तिचे बाबा म्हणाले, "तत्त्वज्ञान घेऊन कीर्तन करणार का?" तिने मग मार्क मिळतात असा कुठलातरी विषय घेतला. मला राग याचा येतो. अठराव्या वर्षी पोर स्वतःहून विचार करायला शिकू दे म्हणतेय, आणि आपण तिला स्कोअरिंग काय ते दाखवतोय.

एवढं लिहिलं आणि आता जरा शांत झालेय. त्या सरांवर माझा राग नाही. एका बॅचला वीस पोरं, चार पट्ट्या, संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या सह्या. आजचे तर कितीतरी जण तासिका तत्त्वावर, या कॉलेजातून त्या कॉलेजात धावणारे. त्यांनी कुणाकुणाचा आलेख बघायचा? पण म्हणून माझी रेघ सरकली ती सरकलीच.

भाचीला मी पीडीएफ बंद करायला लावली. कुरकुर केली तिने. मग आम्ही दोघी ९६९ का आलं ते शोधत बसलो. तिने पट्टीला झोका फार मोठा दिला होता, आणि दोन भोकांची अंतरं मोजताना गडबड केली होती. ते सगळं तिने स्वतःच्या शब्दांत खाली लिहिलं, चांगलं अर्धं पान. आकडा ९६९ च ठेवला.

आत्ता तिचा मेसेज आला. "मावशी, सरांनी रिपीट लिहिलं तर?"

लिहिलं तर परत पट्टी टांग, परत मोज, म्हटलं. मी येते डबा घेऊन. पण रबर घरी ठेवून जा.