न आलेल्या चौथ्याचे दहा रुपये

काल रात्री मी ज्याचं रिक्षाभाडं भरलं, तो माणूस आलाच नव्हता.

बदलापूर स्टेशनबाहेर रात्री दहानंतर शेअर रिक्षाचं राज्य बदलतं. दिवसा वीस, रात्री तीस. इथपर्यंत माझी तक्रार नाही. मागे तिघं आणि पुढे ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून चौथा. परवाना तिघांचाच असतो, पण चौथ्याशिवाय रिक्षा हलत नाही. काल पावणेअकराला आम्ही तिघं बसून वीस मिनिटं झाली, तरी चौथ्याचा पत्ता नाही. शेवटी ड्रायव्हर म्हणाला, "चौथ्याचे तिघांत वाटून घ्या, निघतो."

म्हणजे कायद्यानं जो बसू शकत नाही आणि प्रत्यक्षात जो बसलेला नाही, त्याचे तीस रुपये आम्ही भरायचे. मी म्हणालो, "मग मीटर टाका ना." मी कल्हईला भांडी घेऊन आल्यासारखं त्यानं माझ्याकडे पाहिलं. मीटरनं पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये होतात, तेही अख्ख्या रिक्षाचे, हे २०२५ पासूनचं सरकारी दरपत्रक मला पाठ आहे. त्याचा आजवर मला काडीचा उपयोग झालेला नाही.

भांडण मी जिंकलो नसतोच, पण निदान नीट हरलो तरी असतो. तेवढ्यात मधल्या सीटवरचे काका माझ्याकडे वळले. मांडीवर पिशवी, पिशवीत दुधीभोपळा, आणि त्याचं देठ माझ्या बरगडीत.

"दहाच रुपये वाढतात हो," काका म्हणाले. "घर केवढ्याला घेतलंत?"

मी आकडा सांगितला. का सांगितला, देव जाणे. रात्री अकराला माणूस कमजोर असतो.

"ठाण्यात हेच केवढ्याला पडलं असतं?"

"दुपटीच्या वर."

"मग!" काका असे हसले, जणू मधला फरक मी पँटच्या मागच्या खिशात घेऊन फिरतोय. "तेवढे वाचले. त्यातून दहा गेले. राहिले किती?"

त्यांनी खरंच मोबाईलवर वजाबाकी केली आणि स्क्रीन माझ्या नाकासमोर धरली. मी म्हणालो, काका, महिन्याला पाण्याच्या टँकरची वर्गणी वेगळी द्यावी लागते. "ठाण्यातल्या मेंटेनन्सपुढे काहीच नाही." डास? "डास ठाण्यातही आहेत. पण तिथे ते महागड्या घरात चावतात." हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की त्यांनी ते तिसऱ्या सीटवरच्या मुलीला परत ऐकवलं. तिनं कानातला इअरफोन काढला, ऐकून घेतलं, परत घातला. त्या रिक्षात शहाणी अशी तीच एकटी.

टँकरचं मात्र मला मनापासून लागतं. बारवी धरण आमच्या उशाला. त्याचं पाणी नळानं पार ठाण्या-मीरा-भाईंदरपर्यंत जातं आणि आमच्या गेटवर टँकर हॉर्न वाजवतो. पण काकांसमोर हे बोलायची सोय नव्हती. त्यांनी तिथंही ठाण्याला ग्लासभर पाणी पाजून वजाबाकी केली असती.

आणि वेळेचं काय? सीएसएमटी ६८ किलोमीटर. गाडीत दीड तास जायला, दीड तास यायला. पंचवीस दिवसांचे पंच्याहत्तर तास. म्हणजे महिन्यातले तीन दिवस आणि वर तीन तास मी लोकलमध्येच राहतो. तिथला माझा कार्पेट एरिया दोन पावलांचा, त्यातलं एक बहुधा दुसऱ्याच्या बुटावर. बदलापूर लोकल सुटते बदलापूरहून, पण फलाटावर लागते तीच अंबरनाथकरांनी भरून, कारण ते मुंबईच्या उलट दिशेनं बदलापूरला येऊन खिडक्या धरतात. त्यांचंही चुकतं असं नाही. मी अंबरनाथला असतो तर हेच केलं असतं. इथं राहून मला एवढंच कळलंय की ज्याला आपण शिव्या देतो, तो एक-दोन स्टेशनं अलीकडचा आपणच असतो.

नातेवाईक येत नाहीत, ही बचतच म्हणायची. पण आले की मुक्काम ठोकतात, कारण परतीची गाडी आणि रविवारचा मेगाब्लॉक. दादरची आत्या दोन दिवसांसाठी आली होती, ती पाचव्या दिवशी गेली. जाताना म्हणाली, "हवा छान आहे हो तुमच्याकडे, पण रोज कोण येणार?" रोज मी येतो, आत्या.

तर काका. दुधी दादरचा होता. "इथल्यापेक्षा दहा रुपये स्वस्त," त्यांनी अभिमानानं सांगितलं. दहा रुपये वाचवायला या माणसानं तो भोपळा पावणेदोन तास मांडीवर जोजवत आणला होता आणि तेच दहा न आलेल्या चौथ्याच्या नावानं इथं देऊन टाकत होता. मी हे बोलून दाखवलं. काका गप्प झाले. एक स्पीडब्रेकर गेला, दुसरा गेला. मग म्हणाले, "पण दुधी कोवळा आहे."

माझ्या गेटशी मी चाळीस रुपये मोजले. ड्रायव्हरनं ते न मोजता खिशात टाकले, म्हणजे चाळीसच असणार याची त्याला खात्री होती. आत शिरताना काकांनी हाक मारली, "ओ साहेब, कधी विकायचं झालं तर सांगा! माझा जावई ठाण्यातच शोधतोय, परवडत नाहीये."

आज सकाळी मी चौथा होतो. अर्धा ड्रायव्हरच्या सीटवर, अर्धा कल्याण-कर्जत मार्गाच्या हवेत. रिक्षा कालचीच, ड्रायव्हरही तोच. उतरताना मी म्हणालो, "दादा, चौथ्याचे दहा काल रात्रीच दिलेत मी. आज दहाच घ्या."

तो पहिल्यांदाच मोकळेपणी हसला. "साहेब, तो चौथा वेगळा होता."

मी वीस दिले.