आठ सेशनचे पैसे आधी भरा म्हणे!

डोकं फिरलंय माझं आज. भावाला सोलापुरात मनाच्या डॉक्टरांकडे काउन्सेलिंगला नेलं होतं. पोरगं अजून बाकावर नीट टेकलंही नव्हतं आणि काउंटरवरची बाई कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवून दाखवतेय. एका सेशनचे १२०० रुपये, आठ एकदम घेतले तर हजाराप्रमाणे. ही काय चादरींची ठोक खरेदी आहे?

मी म्हटलं, मॅडम, आज एकाचे घ्या, त्याला जमतंय का बघू. तर म्हणे, "सर एकेक घेत नाहीत, पेशंट मधेच सोडतात." आणि वर सगळ्या वेटिंगसमोर मोठ्यानं विचारते, "कॉलेज सोडून घरी बसलेत ते हेच ना?" अख्खा बाक वळून बघायला लागला. माझा धाकटा भाऊ, १९ वर्षांचा, अंगठ्याजवळची कातडी सोलत खाली मान घालून बसला. डॉक्टरांना काय काय सांगायचं ते त्यानं रात्री जागून वहीच्या पानावर लिहून काढलं होतं. घरात जेवायला हाक मारली तरी ओ न देणारं पोर, त्यानं स्वतःहून लिहिलं होतं! ते पान खिशातच राहिलं. बाहेर आल्यावर सात रस्ता चौकापर्यंत एक शब्द बोलला नाही, मग म्हणाला, "ताई, राहू दे ना. आईचे पैसे जायलेत."

आई विड्या वळते. तिचे पैसे जायलेत हे त्याला कळतं, त्या बाईला कळत नाही.

आणि तो मेडिक्लेम! २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट लिहिलंय, शरीराच्या आजाराला जसा विमा तसाच मनाच्या आजारालाही. एजंटला फोन केला तर म्हणतो, ॲडमिट झाले तर क्लेम करा, तुमच्या पॉलिसीत ओपीडी नाही. म्हणजे पोरगं पार कोलमडेपर्यंत मी वाट बघायची? त्याच कायद्यात सरकारी खर्चानं परवडणारे उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे असंही म्हटलंय. हाडासाठी, किडनीसाठी, हार्टसाठी कलबुर्गी, विजयपूर, धाराशिवहून माणसं गाड्या करून सोलापुरात येतात. आणि इथल्याच पोराला आठवड्यातून तासभर कुणी ऐकून घ्यावं, तर आधी आठ हजार मोजा. ओळखीतला एक शहाणा म्हणाला, येरवड्याच्या मनोरुग्णालयात न्या. अरे, त्याला भरती करायचं नाहीये! त्याला झोप येत नाही, छातीत धडधडतं, पुस्तक उघडलं की रडू येतं. याच्यासाठी पुणं गाठायचं?

नातेवाईकांचं तर नावच काढू नका. "खाऊन-पिऊन चांगला हाय की ओ, काय झालंय त्याला?" "मोबाइल काढून घ्या." "सिद्धेश्वराला अभिषेक घाला." सिद्धेश्वराला आम्ही दर गड्ड्याच्या जत्रेला जातो, श्रद्धा आहे आमची. पण पाय मोडला असता तर याच मामांनी आधी प्लास्टर घालायला पळवलं असतं ना?

दर १० ऑक्टोबरला, मानसिक आरोग्य दिनाला, पोस्टर लागतात, मन मोकळं करा. २०२२ ला त्याच दिवशी सुरू झालेला टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर तेवढा खरा निघाला. फुकट, चोवीस तास, मराठीत. भाऊ गच्चीवर जाऊन बोलला, पलीकडच्या माणसानं घाई केली नाही. त्या रात्री तो जेवला. पण दर आठवड्याला तेच माणूस समोर बसून ऐकणार, ही सोय फोनवर कुठून येणार?

मला फुकट नको आहे. दार लावलेली खोली, शिकलेलं माणूस, आणि एका वेळचे पैसे एका वेळी. सोलापुरात असं कुणी माहीत असेल तर सांगा, पार जुळे सोलापूरच्या टोकाला असलं तरी घेऊन जाईन. आणि मोबाइल काढून घ्या म्हणणाऱ्यांनी आज माझ्या वाटेला जाऊ नका.