मेडिकल ट्रान्सक्रिप्शनचं 'सरकारी लायसन्स': एक खुलासा

"३ महिन्यांचा कोर्स, अमेरिकन सरकारचं मेडिकल ट्रान्सक्रिप्शन लायसन्स, घरबसल्या डॉलर" हा मेसेज सध्या पुण्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतोय. कोथरूडच्या मावशीने मला तो दोनदा पाठवला, म्हणून लिहितोय.

मेडिकल ट्रान्सक्रिप्शन म्हणजे डॉक्टरांनी बोलून रेकॉर्ड केलेला मजकूर (डिक्टेशन) ऐकून टाईप करणं. त्याचं असं लायसन्सच नाही. अमेरिकेत डॉक्टरला, नर्सला परवाना लागतो; ट्रान्सक्रिप्शनिस्टला नाही. परीक्षा आहे ती एएचडीआय या तिथल्या व्यावसायिक संघटनेची, आणि तीही ऐच्छिक. त्यात आरएचडीएस ही पहिली पायरी, सीएचडीएस ही त्यावरची. सीएचडीएससाठी आरएचडीएस तर हवंच, शिवाय रुग्णालयातल्या वेगवेगळ्या विभागांच्या डिक्टेशनचा २ वर्षांचा अनुभव. यांचीच जुनी नावं आरएमटी आणि सीएमटी. मेसेजमध्ये 'सीएमटी' लिहिलंय, यावरूनच तो किती शिळा आहे ते कळतं! क्लासचं सर्टिफिकेट म्हणजे कोर्स पूर्ण केल्याचा कागद. हवं तर फ्रेम करून लावा.

राहिले ते ३ महिने. तेवढ्यात हे काम येईल का, ते बघा. हेडफोनमध्ये 'इलियम' ऐकू येतं. इंग्रजी स्पेलिंगमध्ये तिसरं अक्षर 'ई' टाकलं तर लहान आतड्याचा शेवटचा भाग, 'आय' टाकलं तर कमरेचं हाड. उच्चार तोच. पायाखालचं पेडल दाबून रेकॉर्डिंगमध्ये कितीदाही मागे जा, कान काही सांगत नाही. आधीच्या वाक्यात कोलोनोस्कोपी (आतड्याची तपासणी) होती की फ्रॅक्चर, हे बघावं लागतं. त्यात आता बरंचसं टायपिंग सॉफ्टवेअरच करतं, आपण त्याच्या चुका काढायच्या.

मावशी, भाचीची फी भरण्याआधी क्लासवाल्यांना विचार: सर्टिफिकेटवर सही कुणाची असते?