नौकेत पाणी शिरलं तर आधी उपसा, क्लेमचं नंतर

परवा रात्री हर्णैहून मामेभावाचा फोन आला. "ताई, नौकेत पाणी शिरलं तर पंप लावायचा की नाही? ग्रुपवर आलंय, लावला तर क्लेम कापतात म्हणे." वीस वर्षं दर्यावर जाणारा माणूस हे विचारतोय! म्हणजे तो मेसेज बंदरावर किती जणांच्या डोक्यात बसला असेल, या विचारानेच मला झोप लागली नाही.

मेसेजचं नाव 'बोटीच्या विम्याचे पाच फायदे, जे कंपनी सांगत नाही'. ते पाच असे: विमा असला की इंजिन-जाळ्यांसकट सगळं भरून मिळतं; पाणी शिरलं तर उपसू नका, कारण अर्धवट वाचली तर पैसे कमी, पूर्ण बुडाली तर पूर्ण पैसे; खलाशी त्याच विम्यात येतात; तांडेल, म्हणजे नौका चालवणारा प्रमुख, चुकला तरी पैसे मिळतात; आणि हप्ता बारा महिन्यांचा भरलाय, तेव्हा पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीत गेलात तरी विमा चालू. मी बारा वर्षं एका सर्व्हेअरकडे, म्हणजे विम्यासाठी नुकसान तपासणाऱ्याकडे, नौकांच्या क्लेमची कागदपत्रं लावते आहे, म्हणून हे लिहायला बसले.

पंपाचं आधी, कारण यात माणसांचा जीव जाईल. सागरी विम्याचा 1963 चा कायदा आहे, त्याचं कलम 78 सांगतं की नुकसान टाळायला किंवा कमी करायला वाजवी प्रयत्न करणं हे विमाधारकाचं आणि त्याच्या माणसांचं कर्तव्य आहे. त्याच्या माणसांचं, म्हणजे तांडेल आणि खलाशीही आले. मालकाने जाणूनबुजून नौका बुडू दिली तर कलम 55 प्रमाणे कंपनी एक रुपया देणं लागत नाही. बुडालेल्या नौकेचा क्लेम आला की सर्व्हेअर पहिलं काय विचारतो? पाणी कधी दिसलं, पंप कधी लावला, वायरलेसवर कुणाला हाक मारली. हेच प्रश्न एकेका खलाशाला वेगळं बसवून. रात्रीच्या काळोखात सात माणसं फळकुटाला धरून पोहत असताना ठरवून खोटं बोलायचं कसं, हे मेसेज लिहिणाऱ्याने एकदा किनाऱ्यावर येऊन सांगावं.

उलट नौका वाचवायला वाजवी खर्च झाला असेल, समजा दुसऱ्या नौकेने ओढून आंजर्ल्याच्या खाडीत आणली, तर पॉलिसीत तशी तरतूद असल्यास तो खर्च मागता येतो.

या अफवेचं मूळ कुठे आहे तेही मला माहीत आहे, आणि तेवढं मान्य करायलाच हवं. स्वस्तातली पॉलिसी बरेचदा 'फक्त पूर्ण नुकसाना'ची असते. अशा पॉलिसीत फळी फुटली, पंखा वाकला, इंजिनात पाणी गेलं तर काही मिळत नाही. हे मालकाला पॉलिसी घेताना कुणी समजावून सांगत नाही, हा राग खरा आहे. पण त्याला उपाय आंशिक नुकसानाचं संरक्षण घेणं, नौका बुडवणं नव्हे.

आता 'सगळं भरून मिळतं'. त्याच कलम 55 मध्ये लिहिलंय की पॉलिसीत वेगळं काही ठरलं नसेल तर नेहमीची झीज, नेहमीची गळती, उंदीर-किड्यांनी केलेलं नुकसान आणि सागरी संकटामुळे न झालेला यंत्राचा बिघाड यांचे पैसे मिळत नाहीत. उंदीर हा शब्द कायद्यात आहे, मी बनवून सांगत नाही. एका मालकाची नौका पावसाळ्यात झावळ्यांच्या झापांनी शाकारून ठेवलेली होती. झापं काढून बघतो तर उंदरांनी सगळं वायरिंग कुरतडलेलं. नऊ वर्षं हप्ता भरलेला माणूस, हातात कुरतडलेल्या वायरचा तुकडा घेऊन आमच्या टेबलासमोर उभा. ते कलम त्याला मला वाचून दाखवावं लागलं. लाकडी तळाला कीड लागली तरी उत्तर तेच. वाऱ्या-लाटांचंही तसंच. 2021 च्या तौक्तेसारखं वादळ हे संकट. रोजच्या लाटांनी फळ्या झिजणं हे संकट नव्हे. आणि जाळं खडकात अडकून फाटलं तर ते बहुतेक पॉलिसीत बाहेरच राहतं, वेगळं मागून घेतल्याशिवाय येत नाही.

खलाशांचं थोडक्यात. नौकेचा विमा नौकेचा असतो. केंद्राच्या पंतप्रधान मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमारांना गट अपघात विमा आहे: मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर 5 लाख, कायमचं आंशिक असेल तर अडीच लाख. हप्ता केंद्र आणि राज्य सरकार भरतं. पण त्यात खलाशाचं नाव नोंदवलेलं हवं. परगावचे खलाशी ऑगस्टमध्ये येतात तेव्हाच हे काम उरकून घ्या.

तांडेलाच्या चुकीचं खरं आहे, नाइलाजाने कबूल करते. तांडेलाच्या हलगर्जीमुळे नौका खडकावर चढली तरी, नुकसान पॉलिसीतल्या संकटानेच झालेलं असेल तर, कायदा मालकाच्या बाजूने आहे. मात्र पंख्याच्या शाफ्टजवळून पाणी येतंय हे मालकाला ठाऊक असताना नौका पाठवली आणि त्यापायीच ती गेली, तर कलम 41 आड येतं: नौका दर्यावर जाण्याजोगी नाही हे माहीत असून पाठवली तर त्यापायी झालेलं नुकसान कंपनी देणं लागत नाही. ती चूक मग तांडेलाची राहत नाही.

आणि बंदी. जून-जुलैत यांत्रिक नौका मासेमारीला बाहेर काढणं बेकायदा आहे, एलईडी दिवे लावून मासेमारीही बेकायदा. सफर कायदेशीर असली पाहिजे ही अट कलम 43 ने प्रत्येक सागरी विम्यात आधीच धरलेली आहे. हप्ता बारा महिन्यांचा असो नाहीतर बारा वर्षांचा.

भावाकडून मी दोन्ही पॉलिसींचे फोटो मागवून घेतले, सगळ्या पानांचे. धाकट्या नौकेची ठीक आहे. थोरलीची 'फक्त पूर्ण नुकसान', आणि जाळ्यांच्या रकान्यात नुसती आडवी रेघ. त्याने ते पान आजवर उघडलंच नव्हतं.